पटपडगंजनंतरची दिल्ली : निशाण आणि लेखणी

मराठी वाङ्मयेतिहासात इंग्रजी अमलाचा आरंभ सामान्यतः १८१८ पासून धरला जातो. दिल्लीत हे सत्तांतर पंधरा वर्षे आधीच घडले. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंज येथे जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. त्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने लढाईपूर्वीच इंग्रजांचा आश्रय घेतला होता. पुढे तो फ्रान्सला परतला. एतद्देशीय स्वारांना परतण्यासाठी दुसरा देश नव्हता. त्यांपैकी अनेक इंग्रजांच्या चाकरीत गेले आणि जेम्स स्किनर त्यांचा नायक झाला. स्कॉटिश पित्याचा व रजपूत मातेचा हा पुत्रही पूर्वी शिंद्यांचाच चाकर होता.

याच स्किनरने १८२५ मध्ये येथील जातिजमातींविषयी ‘तश्रीह-उल-अक्वाम’ हा ग्रंथ सिद्ध केला, तो फारसीत. कंपनीने कचेऱ्यांतील फारसीचे स्थान काढून घेण्याचा कायदा केला तो १८३७ मध्ये. निशाण एका दिवसात बदलले. लेखणीला तीन तपे लागली. म्हणून वाङ्मयाचे कालखंड पाडताना लढायांच्या तिथी पुरेशा नाहीत. धनी बदलल्यावरही जुनी भाषा कोणी, कशासाठी आणि किती काळ जपली, हे अभ्यासकाने तपासले पाहिजे.