आधी रात्र बघ

मेच्या तिसऱ्या आठवड्यात हिमालयात रुपिन पासला निघाली आहेस, म्हणजे बर्फ भरपूर भेटणार. सह्याद्री तू माझ्याहून जास्त पालथा घातला आहेस, त्यामुळे चालायचं कसं ते मी सांगत बसत नाही. पण तिथल्या बर्फाचा दिवस आदल्या रात्रीच ठरतो, एवढं मनात पक्कं धर.

दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो, पाणी खाली मुरतं. रात्री आभाळ निरभ्र असलं तर ते गोठून सगळा उतार घट्ट बांधला जातो. ढगाळ रात्री बर्फाची ऊब निसटून जात नाही, मग वरवर कडक दिसलं तरी आत ओलंच राहतं. म्हणून दोन वाजता तंबूबाहेर आलीस की आधी तारे बघ. मग बुटाची टाच जोरात आपट. टणक लागलं, तर निघा. पापडासारखी कवची फुटून खाली भुसभुशीत लागलं, किंवा रात्री पाऊस झाला असेल, तर त्या दिवशी खिंड नाही. तिथल्या गाइडभाऊंना मोकळेपणाने विचार, ‘रात को बर्फ जमा क्या?’ त्यांना हा प्रश्न नवा नाही, आणि आपण विचारला की त्यांनाही ‘आज नको’ म्हणायला सोपं जातं.

चालताना ऊन कुठे पोचलंय यावर नजर ठेव. पूर्वेकडे तोंड केलेला उतार आधी तापतो, मग दक्षिणेचा, दुपारी पश्चिमेचा. उत्तरेचा सावलीत असतो म्हणून भरवशाचा वाटतो, पण हिवाळ्यातले कच्चे थर तिथेच जास्त दिवस टिकतात. घोट्यापर्यंत पाय रुतायला लागले, वरून बर्फाचे गोळे चाकासारखे गडगडत यायला लागले, की उतार सोडायचा. गुडघा रुतायची वाट बघायची नाही. मी एकदा बघितली होती. गढवालमध्ये, अकरा वाजून गेले होते, फोटोंच्या नादात आम्ही रेंगाळलो. आम्ही बाजूच्या खडकावर चढलो आणि आमच्या पावलांवरूनच ओलं बर्फ सरकत गेलं, ओल्या काँक्रीटसारखं, फार वेगात नाही. थोड्या वेळाने त्यात आइस ॲक्स खुपसून पाहिली, तर आत जाईना. त्याखाली माणूस असता तर हातांनी उकरणं शक्य नव्हतं.

धोका उताराच्या कोनातही असतो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमकं चढायला मजा येते तिथे. मोजायला दोन सारख्या लांबीच्या काठ्या पुरतात. एक सरळ उभी धर, दुसरी तिच्या माथ्यापासून उताराकडे अगदी आडवी. टोक बर्फाला टेकलं तर ४५ अंश. उभीच्या मध्यापासून आडवी धरून टेकलं तर साधारण २७. या दोन्हींच्या मधला उतार असला की सावध. तू उभी आहेस ती जागा सपाट असली तरी डोक्यावर काय टांगलंय तेही बघायचं. ४ एप्रिल २०२३ ला नथु लाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले. ते काही शिखर चढायला निघाले नव्हते.

आणि नाळ. सह्याद्रीत बोराट्याच्या नाळेत आपण दगड सुटेल म्हणून एकमेकांच्या थेट खाली थांबत नाही, तोच नियम इथे दुप्पट कडक. बर्फाची नाळ म्हणजे वरच्या सगळ्या उतारांचं गटार. तिथे डबा उघडायचा नाही, श्वास घ्यायलासुद्धा थांबू नका. धोक्याचा पट्टा एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर डोळा ठेवायचा. सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडायचा, काठ्यांचे फास मनगटातून काढायचे. ओढ्यावरचे बर्फाचे पूल पहाटेच ओलांडा. दुपारी वरून तेवढेच जाड दिसतात, पण खालून पाण्याने पोखरलेले असतात.

बर्फात गाडलेल्याला शोधून काढायचं सामान, म्हणजे ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडं, तुमच्या ग्रुपकडे आहे का ते आजच विचार. असेल तर पुण्यातच एखाद्या मैदानावर ट्रान्सीव्हर पुरून शोधायचा सराव करा. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडतो तो बहुधा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही, सोबत असतील तेच हात कामाला येतात.

हेडलॅम्पला नव्या बॅटऱ्या घे. थंडीत त्या लवकर उतरतात, रात्री स्लीपिंग बॅगमध्येच ठेव. दोनला उठायचंय.