निम्म्यावर मिटवण्यापूर्वी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. क्रेडिट कार्डाची तुंबलेली थकबाकी निम्म्या रकमेवर मिटवून देतो असे वसुलीच्या माणसाने तुला सांगितले, आणि पुढील वर्षी घरासाठी कर्ज काढावयाचे असल्यामुळे हे लचांड एकदाचे तोडून टाकावे असे तुझ्या मनाने घेतले, हे स्वाभाविक आहे; परंतु त्याला होकार देण्यापूर्वी स्वतःचा क्रेडिट अहवाल तू एकवार नजरेखालून घालावास, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

2000 साली स्थापन झालेली सिबिल आणि तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्या, 2005 च्या कायद्यान्वये, तुझ्यामाझ्यासारख्या कर्जदारांचे दफ्तर बाळगून असतात. लोक अहवालातल्या गुणांच्या, 300 ते 900 मधल्या, त्या एका आकड्याचीच चर्चा करतात. मला विचारशील तर खरी मातबरी त्याखालच्या कोष्टकाची. तेथे प्रत्येक कर्जासमोर महिनावार घरे आखलेली असतात. हप्ता वेळेवर पोचला त्या महिन्यात शून्ये, आणि जेथे चुकला तेथे किती दिवस उलटून गेले तो आकडा.

निम्मी रक्कम भरलीस म्हणजे तगादा थांबेल, यात शंका नाही. पण बँक त्या खात्यावर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा मारील, आणि कबूल केलेले पुरते फेडले नाही याची ती लेखी साक्ष कित्येक वर्षे तुझ्या नावापुढे राहील. अनेक बँका गृहकर्जाचा दर आता याच दफ्तरावरून ठरवितात. तीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी मिळाले, तर महिना सुमारे साडेनऊशे रुपये, म्हणजे मुदतीअखेर सव्वादोन लाखांहून अधिक जास्त जातात; कार्डावर वाचणारी रक्कम याच्याशी ताडून पाहा. कर्जच नाकारले गेले, तर हिशेबही उरत नाही.

तेव्हा बँकेला लेखी अर्ज करून संपूर्ण बाकीचे हप्ते पाडून माग, फेड होताच बेबाकीचा दाखला हातात घे, आणि महिन्याभराने दफ्तर पुन्हा पाहा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो; स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण घटतात ही निव्वळ आवई आहे. नोंद चुकीची आढळल्यास तक्रार कर. तीस दिवसांत निकाल न लागल्यास, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, पुढील प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये तुला भरपाईदाखल मिळावयाचे असतात.

आणि तो मित्र मोटारसायकलीसाठी तुला जामीन राहा म्हणतो, त्यास स्पष्ट नकार कळव. त्याने चुकविलेला हप्ता तुझ्याही दफ्तरात उमटतो. मैत्रीखातर त्याला हातउसने द्यावयाचे तर खुशाल दे.

वहिनींच्या कानावर यातले काही घालू नकोस. कर्जाचे नाव काढले की त्यांची झोप उडते. बँकेचे उत्तर आले की नक्कल मला धाड.

तुझा,
काका