व्यसनाचे कुलूप आणि किल्ली

चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्याच्या पूर्व टोकाचे वनजिल्हे दारूबंदीच्या प्रयत्नांसाठी ओळखले जातात. गडचिरोलीत १९८८ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या पुढाकाराने दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली. २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. या वाटचालीत एक प्रश्न कायम राहतो. दुकान बंद झाले तरी पिणाऱ्याची ओढ का संपत नाही? याचे उत्तर शोधण्यास उंदरांच्या मेंदूवरील संशोधनाचे मोठे साहाय्य झाले आहे.

कुलपाचा शोध

अफू वेदना शमविते, हे मानवाला पूर्वापार ठाऊक होते. ती मेंदूत नेमकी कोठे काम करते, याचा पुरावा मात्र १९७३ मध्ये मिळाला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी उंदराचा मेंदू वाटून त्यात किरणोत्सर्गी नॅलोक्झोन मिसळले. हे द्रव्य अफूवरील उतारा होय. मिश्रण गाळून धुतल्यावरही त्याचा काही भाग पेशींच्या आवरणाला चिकटून राहिला. मिश्रणात अफूतील मॉर्फिन घालताच त्याने नॅलोक्झोनची जागा घेतली. परंतु वेदनाशामक द्रव्याची आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलट रचना त्या जागी बसेना. ही जागा म्हणजे विशिष्ट किल्लीचेच कुलूप होते. शास्त्रज्ञ त्यास 'ग्राही' म्हणतात. मॉर्फिन हे कुलूप उघडते. नॅलोक्झोन त्यात शिरते, पण फिरत नाही आणि दुसऱ्या किल्लीस वाव देत नाही.

१९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफालिन वेगळे केले. शरीर स्वतःची किल्ली स्वतःच घडविते, हे त्यावरून कळले.

दारूचा आडमार्ग

दारू ही या कुलपाची किल्ली नव्हे. मात्र ती पोटात गेली की मेंदू स्वतःची एंडॉर्फिन द्रव्ये सोडतो व ती ग्राहींवर बसतात. त्या सुखाची खूण मेंदूत राहते आणि ओढ निर्माण होते. ग्राही अडविणारी औषधे दिलेले उंदीर दारू कमी पितात, असे प्रयोगांत आढळले. त्याच तत्त्वावरील नाल्ट्रेक्झोन या औषधास १९९४ मध्ये अमेरिकेत दारूच्या व्यसनावरील उपचारासाठी मान्यता मिळाली. ते सर्वांना सारखे लागू पडत नाही. अफूजन्य औषधे घेणाऱ्यास ते दिल्यास तीव्र त्रास होतो. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाचे असते.

गावापुढील कार्य

व्यसनी मनुष्य केवळ दुबळ्या मनाचा असतो, ही समजूत आता टिकत नाही. अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत हातापायांना कंप, झटके व भ्रम होऊन जीवास धोका संभवतो. अशा व्यक्तीस घरात कोंडून न ठेवता तातडीने रुग्णालयात न्यावे. तिची निंदा न करता उपचारास प्रवृत्त करणे हे सरपंच, शिक्षक व आरोग्यसेवक यांचे कर्तव्य ठरते.

गडचिरोलीत २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' उपक्रमात गावसंघटन, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार यांची सांगड घालण्यात आली. कायदा दुकानाचे दार बंद करू शकतो. मेंदूतील ओढ शमविण्यास मात्र उपचार व आपुलकी यांची जोड लागते.