तीस हजारांचा डबा साठ हजारांना कसा पडतो

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मोठ्या ऑफिसांतून निघालेली वर्कस्टेशन्स विकायला असतात. भरभक्कम पेटी, झिऑन प्रोसेसर आणि किंमत बऱ्या लॅपटॉपपेक्षा कमी. पत्रिका, पुस्तकांची मांडणी, फ्लेक्स किंवा इंटिरियरची ड्रॉइंग्ज करणाऱ्या छोट्या स्टुडिओला हा सौदा फायद्याचा ठरतो. फक्त पेटीला जेवढे मोजाल, जवळपास तेवढेच तिच्या पोटात घालावे लागतील, हे आधीच धरून चाला.

दुकानात जाण्यापूर्वी एक काम घरीच करा. सध्याच्या मशीनवर तुमची सगळ्यात जड फाइल उघडा आणि शेजारी टास्क मॅनेजर चालू ठेवा. मेमरी भरते की डिस्क शंभर टक्क्यांवर अडकते ते पाहा. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तरी सुमारे १५ कोटी पिक्सेल होतात. सीएमवायकेमध्ये एकेका पूर्ण भरलेल्या लेअरला जवळपास ६०० एमबी. असे दहा लेअर झाले की १६ जीबी रॅमला धाप लागते आणि फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागतं. तिथे जुनी हार्ड डिस्क असेल तर चहा होईपर्यंत थांबा.

आता पिढी कोणती घ्यायची? एचपीचं झेड४४० स्वस्त आहे, मजबूतही आहे. पण त्यातले ई५ मालिकेचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर ग्राहकांच्या फाइली, बँक आणि जीएसटीचं लॉगिन आहे, तिथे मी ही तडजोड करणार नाही. त्याऐवजी झिऑन डब्ल्यू-२१०० मालिकेचं एचपी झेड४ जी४ किंवा डेल प्रिसिजन ५८२० पाहा. दहा-एक हजार जास्त जातील, जाऊ द्या.

दुकानदार कोअर मोजून दाखवेल, तुम्ही गिगाहर्ट्‌झ विचारा. फोटोशॉप, कोरल, ऑटोकॅड यांची बरीचशी कामं एकाच कोअरच्या वेगावर चालतात. बारा संथ कोअरपेक्षा सहा वेगवान कोअर बरे. डब्ल्यू-२१३५ मिळाला तर उत्तम: सहा कोअर, टर्बो ४.५ गिगाहर्ट्‌झपर्यंत. सीपीयूवर रेंडर करणाऱ्यांनी मात्र कोअर मोजावेत.

रॅममध्ये खरी मेख आहे. झिऑन असलेल्या झेड४ जी४ला रजिस्टर्ड ईसीसी रॅम लागते. त्याच नावाच्या कोअर एक्स प्रोसेसरच्या मॉडेलला साधी चालते. मी एकदा घाईत साधी डेस्कटॉपची रॅम घेऊन आलो, मशीनने नुसते बीप दिले आणि दुकानदाराने ‘उघडलेला माल परत नाही’ म्हणून हात वर केले. लागलेल्या पट्टीवरचा पूर्ण नंबर मोबाइलवर टिपून न्या आणि तसाच माल मागा. बोर्डवर चार चॅनल आहेत, म्हणून एका मोठ्या पट्टीपेक्षा सारख्या चार पट्ट्या चांगल्या. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेत. जमल्यास ३२ जीबी आधीच बसवलेलं मशीन शोधा, तेच स्वस्त पडेल.

एसएसडी नवीच घ्या, सेकंडहँड नको. झेड४ जी४च्या बोर्डवर एनव्हीएमईसाठी दोन एम.२ जागा आहेत, त्यामुळे वेगळं कार्ड लागत नाही.

ग्राफिक्स कार्डाआधी पॉवर सप्लाय बघा. हे मशीन ४६५ वॉटच्या आणि मोठ्या सप्लायसह येतं. सप्लाय कंपनीच्या खास मापाचा, बाजारातला साधा त्यात बसत नाही. म्हणून मी आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती सुचवेन: ती ७० वॉट खाते आणि तिच्या बहुतेक कार्डांना वेगळी पॉवर केबल लागत नाही. निव्वळ पत्रिका-पुस्तकं करत असाल तर मशीनसोबत आलेलं ४ जीबीचं क्वाड्रो पुरे. त्याला बहुधा डिस्प्लेपोर्टच असतात, तेव्हा मॉनिटरला लागणारी केबल धरा.

माझ्या हिशेबातल्या वरच्या मर्यादा अशा: १६ जीबी रॅमसह पेटी ३०,००० रुपये, आणखी १६ जीबी ६,०००, एक टीबी एसएसडी ८,०००, कार्ड १७,०००, थर्मल पेस्ट, बॅटरी, केबल आणि साफसफाई २,०००. एकूण ६३,०००. भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून निघण्याआधी दोन दुकानांत फोन करा. कार्ड वगळलं तर ४६,००० मध्ये काम भागतं. बेरीज ७०,००० च्या पुढे सरकू लागली तर थांबा आणि वॉरंटीसह नवं असेंबल्ड मशीन किती पडतं ते विचारा.

मॉनिटर मी यात धरलेला नाही. त्याचे दहा हजार वेगळे ठेवा आणि आयपीएस पॅनेलच घ्या. छपाईतून रंग भलताच आला की तो खर्च आठवतो.

काउंटरवर पैसे देण्यापूर्वी बायोसमध्ये शिरून पाहा (एचपीवर एफ१० दाबून). जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर मशीन घेऊच नका. विंडोज ॲक्टिव्हेट आहे का, सगळ्या रॅम-खाचा पट्टी ओळखतात का आणि अर्धा तास भार दिल्यावर पंखा किंचाळतो का, हेही तपासा. ‘टेस्टिंग वॉरंटी’ किती दिवसांची ते सीरियल नंबरासह पक्क्या बिलावर लिहून घ्या. सोबत आलेली जुनी हार्ड डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फोने तपासा. ‘गुड’ दाखवत असली तरी तिच्यावर बॅकअपची दुसरी प्रत ठेवा, पहिली नाही.