ई-रीडरवर आपले वेबपान : एक अभ्यासपाठ

ई-रीडर हे ग्रंथवाचनाचे साधन होय. तथापि त्याच्या अंतरंगात एक लहान संगणकच असतो. किंडल, कोबो यांसारख्या ई-रीडरमध्ये साधा ब्राउझरही असतो आणि त्यात जावास्क्रिप्ट चालते. म्हणून विद्यार्थ्याने स्वतः रचलेली प्रश्नमंजूषा या साधनावर सोडविता येते. ती कशी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम पडद्याचा स्वभाव जाणून घेऊ. इलेक्ट्रॉनिक शाईच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असून त्यांत परस्परविरुद्ध विद्युत्भाराचे काळे व पांढरे कण असतात. विद्युत्क्षेत्र बदलताच ते वर-खाली सरकतात. उमटलेले अक्षर टिकविण्यास वीज लागत नाही. मात्र ते बदलण्यास वेळ लागतो व मागील मजकुराची पुसट छाया उरते. म्हणून हलती चित्रे टाळावीत, अक्षरे व बटणे मोठी ठेवावीत आणि एका पानावर एकच प्रश्न द्यावा.

किंडलच्या ब्राउझरमध्ये साधनात साठविलेली फाईल सहसा थेट उघडत नाही. त्यासाठी संगणक व ई-रीडर एकाच वाय-फायवर जोडावेत. पायथन या संगणकभाषेसोबत येणारा छोटा सर्व्हर आपल्या फोल्डरमध्ये सुरू केला, की तो ८००० क्रमांकाच्या पोर्टवर पाने पुरवितो. ई-रीडरच्या ब्राउझरमध्ये संगणकाचा स्थानिक पत्ता, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब व ८००० असे लिहिले, की पान उघडते. त्या वाय-फायवरील कोणालाही तो फोल्डर पाहता येतो. म्हणून त्यात खासगी कागदपत्रे ठेवू नयेत व काम संपताच सर्व्हर बंद करावा.

जावास्क्रिप्टची निर्मिती १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये केली. २०१५ च्या आवृत्तीत भाषेला नवी वाक्यरचना लाभली. जुन्या ब्राउझरला ती समजत नाही. एक जरी अनोळखी रचना आढळली, तरी ती संपूर्ण स्क्रिप्ट चालत नाही. म्हणून जुनी, साधी रचनाच वापरावी. पानाच्या आरंभी यूटीएफ-८ ही अक्षरसंहिता नमूद करावी आणि मराठी जोडाक्षरे नीट दिसतात का, हे एका ओळीवर तपासावे.

प्रश्नमंजूषा रचणाऱ्यास धडा प्रथम स्वतःला समजून घ्यावा लागतो. चुकीच्या पर्यायांचाही विचार करावा लागतो. त्यामुळे वसतिगृहातील एका विद्यार्थ्याचा अभ्यास अनेकांच्या उपयोगी पडतो. साधन विकत मिळते. त्यावर काय चालावे हे ठरविण्याचे सामर्थ्य मात्र अभ्यासानेच येते. विद्यार्थ्यांनी दहा प्रश्नांपासून आरंभ करावा, असे आम्ही सुचवितो.