परसातील रानरोपे

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात पहिल्या पावसाबरोबर टाकळा आपोआप उगवतो. कोवळा असता त्याची भाजी होते. पुढे तण म्हणून तो उपटला जातो. परंतु काही पिवळी फुलपाखरे याच पानांवर अंडी घालतात. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या ‘ब्लू मॉरमॉन’च्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात. अळीचे पान गेले, की फुलपाखरूही गेले.

शिक्षकांनी मुलांकडून घरच्या मंडळींसह परसातील हातभर जागा श्रावणाअखेर न खुरपता राखवावी. उगवलेल्या रोपांची नावे आजीआजोबांस विचारून वहीत लिहवून घ्यावीत. पान कुरतडलेले दिसल्यास अळी मारू नये. अनोळखी पाला मात्र कोणीही तोंडात घालू नये, हे आरंभीच बजावावे.