लिंबावरची नागअळी

आमचा म्हसवडकडचा मुलूख कमी पावसाचा. इथे कागदी लिंबाचे रोप वाढवायचे म्हणजे पाणी जपून वापरावे लागते. अशा रोपाच्या कोवळ्या पानावर रुपेरी, वाकड्यातिकड्या रेघा दिसल्या की जीव चरकतो. कोणी म्हणते, दृष्ट लागली. पण ही दृष्ट नव्हे. ही अळी आहे. रेघ नागमोडी, म्हणून तिचे नाव नागअळी.

नागअळी ही एका पतंगाची अळी. पतंग रुपेरी पांढरा. पंख मिटून बसला तर ज्वारीच्या दाण्याहून लहान! पंखाच्या टोकाला काळा ठिपका असतो. दिवसा तो लपून बसतो. मादी रात्री कोवळ्या पानावर एकएक अंडे घालते. जून पान तिला चालत नाही.

काही दिवसांत अंडे फुटते. अळीला पाय नसतात. ती पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली शिरते आणि रस पीत पुढे सरकते. मागे राहते ती रुपेरी वाट. वाटेच्या मधोमध काळी रेघ दिसते, ती अळीची विष्ठा. वाढ झाली की अळी पानाच्या कडेला येते, कड दुमडते आणि आत कोष करते. कोषातून पतंग निघतो. उन्हाळ्यात हे सारे दोन-तीन आठवड्यांत उरकते. थंडीत जास्त दिवस लागतात.

ही कीड आशियातली. १८५६ साली स्टेंटन या इंग्रज शास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या पतंगावरून तिला शास्त्रीय नाव दिले. १९९३ साली ती अमेरिकेत फ्लोरिडाच्या बागांत सापडली.

मोठे झाड ही कीड सोसते. लहान रोपाची मात्र वाढ खुंटते. शिवाय फाटलेल्या पापुद्र्यातून खैऱ्या रोग शिरतो. खरा धोका तोच.

मग काय करावे? आधी पान उजेडात धरून पाहा. आत अळी आहे का? जुन्या रेघेतली अळी केव्हाच पतंग होऊन उडालेली असते. तिथे औषध मारणे म्हणजे पैसा मातीत घालणे. उलट, अळीला मारणारे बारीक मित्रकीटकही त्याने मरतात.

नवी पालवी फुटू लागताच निंबोळीचा अर्क फवारा. अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी गाळून एकूण दहा लिटर पाणी करा. औषध आपल्या दारच्या कडुलिंबाखालीच पडलेले आहे. ते वेचून ठेवा.

सांगा पाहू :
१. पतंग अंडी कोणत्या पानावर घालतो?
२. जुन्या रेघेवर औषध का मारू नये?